वन्संना काय दिसलं

आमच्या गल्लीत युद्धाची चाहूल सगळ्यांत आधी लागायची ती समोरच्या दुकानदाराला. वर्तमानपत्रं नंतर, रेडिओ त्याच्याही नंतर. तो सकाळी शटर वर करायचा आणि आमच्या दाराकडे बघत बसायचा. माझी नणंद नुसता डबा घेऊन बाहेर पडली, तर सगळं ठीक. डब्याबरोबर काखेत उशी असली, की दुपारी तो मला हळूच विचारायचा, "वहिनी, साखर जरा जास्तीची मागवून ठेवू का?"

"मला काय विचारता? त्यांनाच विचारा."

"त्यांना विचारून काय उपयोग? त्या म्हणतात, आज ऊन छान पडलंय. ऊन पडलेलं असो वा नसो."

वन्संचं ऑफिस मोठ्या रस्त्यावर होतं. दारावर 'भूमापन व नकाशे' अशी पाटी. त्या इमारतीत नकाशे सोडून बाकी सगळं होतं, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकदा मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला निघाले, तर टॅक्सीवाला म्हणाला, "हेरांच्या ऑफिसला ना?" मी म्हटलं, नाही हो, भूमापन. तो म्हणाला, "तेच ते."

घरात मात्र वन्संनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. माझे यजमान त्यांचे थोरले भाऊ, शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणायचे, "माझ्या बहिणीचं तोंड सरकारी आहे. आपल्या घरात ते फक्त जेवायला उघडतं." वन्सं हसायच्या आणि आणखी थोडा भात वाढून घ्यायच्या.

पुढे मी जे सांगणार आहे, त्यातलं पुष्कळसं त्यांनी मला निवृत्त झाल्यावर सांगितलं. तेही एकदम नाही. भाजी निवडताना एक तुकडा, इस्त्री करताना दुसरा. बरंच काही आजही सांगत नाहीत.

त्या इमारतीत खाली पाहणारे बसायचे. मधल्या मजल्यावर ऐकणारे, म्हणजे पलीकडच्या देशाचे फोन आणि बिनतारी संदेश पकडणारे. सगळ्यांत वर माणसं पेरणारे. पाहणारे म्हणायचे, आवाज खोटं बोलतात. ऐकणारे म्हणायचे, तुमची चित्रं मुकी आहेत. वरचे कुणाशीच काही बोलायचे नाहीत. ते लिफ्टमध्येसुद्धा बाकीचे सगळे उतरल्यावरच आपल्या मजल्याचं बटण दाबायचे, असं वन्सं सांगतात. लिफ्टमध्ये उरलेला माणूस वरच्या मजल्याचा, हे त्यामुळे आपोआपच सगळ्यांना कळायचं.

वन्सं पाहणाऱ्यांपैकी. नदीपलीकडे दुसऱ्या देशाची मोठी छावणी होती, ती पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे. आधी विमानातून काढलेले फोटो यायचे, नंतर उपग्रहातून. एकाच जागेचे थोड्या वेगळ्या कोनातून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि दोन डोळ्यांच्या भिंगातून पाहायचे. मग सपाट कागद उठून उभा राहतो. "छपरं अंगावर येतात," वन्सं म्हणाल्या. त्या छावणीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण कुठल्या बराकीचं छप्पर गळतं, कुठल्या साहेबाच्या बायकोला बागेची हौस आहे, शिपाई मधल्या हिरवळीवरून चोरवाट कुठून काढतात, सगळं त्यांना ठाऊक. फुटबॉलच्या मैदानात गोलसमोर कायम टक्कल पडलेलं असायचं. तिथं गवत उगवलं, की समजायचं, पोरं कुठंतरी बाहेर गेली आहेत.

ही सवय घरीही सुटायची नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून विचारायच्या, "दादाचा निळा शर्ट दिसत नाही. कुठं गेलाय तो?"

"न्हाव्याकडे गेलोय असं लिहून घे," आतून हे ओरडायचे, "आणि वर कळव."

त्यांच्या कामाची एक शिस्त होती. अहवाल लिहिताना कागदाच्या मध्यावर आडवी रेघ मारायची. रेघेच्या वर जे दिसलं ते, रेघेखाली जे वाटलं ते. ट्रक दिसले, हे वर. ट्रक निघण्याच्या तयारीत वाटतात, हे खाली. एकाचा शब्द दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. नवीन आलेल्या पोरांच्या हातून ही रेघ चुकली, की वन्सं कागद परत करायच्या.

आणि याच रेघेनं त्यांना एकदा तोंडावर पाडलं होतं. नदीकाठी ताडपत्रीखाली लांब, कमानदार लोखंडी वस्तू रचलेल्या दिसल्या. वन्संनी वर तेवढंच लिहिलं. खाली लिहिलं, पुलाचे सुटे भाग असू शकतील. कागद साहेबांच्या साहेबांकडे जाईपर्यंत रेघही गेली आणि 'असू शकतील'ही गेलं. पलीकडचे सैन्यासाठी आणखी एक पूल बांधायला निघालेत, अशी आवई उठली. अलीकडचं गाव रिकामं केलं. लोक आठवडाभर शाळांच्या पडव्यांत झोपले. आणि पलीकडे त्या कमानी उभ्या राहिल्या, त्यांच्यावर प्लास्टिक चढलं, आणि त्यांच्याखाली टोमॅटोची रोपं लागली.

तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव टोमॅटोबाई. हंगाम आला, की कुणीतरी त्यांच्या टेबलावर एक टोमॅटो ठेवून जायचं. वन्सं तो घरी आणायच्या. "चांगला पिकलेला आहे," म्हणायच्या, "सूप कर."

पण गंमत तिथंच संपली नाही. वरून हुकूम निघाला, की यापुढे रेघेखालच्या मजकुरावरून एकही गाव हलवायचं नाही. डोळ्यांना दिसलेलं असेल तरच. वाटण्याला आणखी कुणाचा तरी दुजोरा हवा, ऐकणाऱ्यांचा नाही तर वरच्या मजल्यावरच्यांचा. दुधानं तोंड पोळलं होतं, आता सगळे ताक फुंकून पीत होते.

आता ज्या दिवसांबद्दल मला सांगायचं आहे, तिथं येते.

माझ्या मुलाची बदली त्या नदीकाठच्या गावात झाली होती. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. क्वार्टर पंपाच्या आवारातच, खिडकीतून नदी दिसायची. सूनबाईला दिवस गेले होते, सहावा महिना संपत आला होता. त्याआधी दोनदा तिची निराशा झाली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पलंग सोडायचा नाही. पायरी नाही, गाडी नाही, धक्का नाही. तिच्या उशाशी फोन ठेवला होता, आणि ती मला दिवसातून कितीदाही फोन करायची. कधी नुसतंच विचारायला, की आई, आज काय केलंत.

थंडी सुरू व्हायच्या बेतात पलीकडच्या सैन्याचा दरवर्षी सराव असायचा. ट्रक बाहेर पडायचे, माळावर तंबू लागायचे, मग सगळे परत. त्या वर्षीही ट्रक बाहेर पडले. आणि वन्सं उशी घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशीही उशी. तिसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, उशीही नाही. दुकानदारानं मला विचारलं नाही. त्यानं सरळ साखर मागवली.

माझा जीव टांगणीला लागला. आणायचं म्हटलं तर तिला हलवायचं. न आणायचं म्हटलं तर नदीच्या तोंडाशी ठेवायचं. मी स्वयंपाकघरातून फोनकडे आणि फोनकडून खिडकीकडे अशा फेऱ्या मारत होते. हे म्हणाले, "अगं, बस जरा. तुझ्या चालण्यानं फरशी झिजेल." आणि स्वतः तेच वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

एका संध्याकाळी वन्सं तासाभरासाठी आल्या. डोळे सुजलेले. उभ्या उभ्याच चहा घेतला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"वन्सं, मी खात्याचं काही विचारत नाही. घरचं विचारते. तिला आणू का?"

त्यांनी कप बशीत फिरवला. "वहिनी, मला त्यांच्या गाड्या दिसतात. गाड्या चालवणाऱ्यांच्या साहेबाच्या डोक्यात काय आहे, ते दिसायचं यंत्र अजून निघालेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला वाटलं त्याचे टोमॅटो झाले."

"वन्सं."

"ट्रक दरवर्षी असतात. या वर्षीही आहेत. दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांतून तू काय काढणार?" त्यांच्या मानानं हेही फार झालं होतं. कप तसाच ठेवून त्या निघाल्या. जिना उतरताना एकदा थांबल्या, वर पाहिलं, आणि पुन्हा उतरल्या.

आतली गोष्ट मला नंतर कळली. नेमक्या त्या दिवसांत नदीवर धुकं बसलं होतं आणि वर ढगांचा थर. आकाशातला तो महागडा डोळा फेऱ्या मारत होता आणि पांढरा कापूस पाठवत होता. ऐकणाऱ्यांना ऐकू येत होतं ते नेहमीचंच: कुणाचे बूट आले नाहीत, कुणाला रजा हवी आहे. वरच्या मजल्यावरचा एक माणूस पलीकडे होता म्हणतात, पण त्याला ताप आला होता. एवढं मोठं खातं, आणि ते एका माणसाचा ताप उतरायची वाट पाहत बसलं होतं.

वन्संना एकाच गोष्टीची खातरजमा हवी होती. छावणीच्या अलीकडे, अगदी काठावर, पलीकडच्यांचं एक खेडं आहे. सरावाच्या वेळी ते खेडं जागेवर असतं. पोरं ट्रक बघायला धावतात, बायका धुणी धुतात. खरंच काही करायचं असेल, तर सैन्य आधी ते खेडं रिकामं करणार, कारण वाट तिथूनच आहे. खेड्यात माणसं आहेत की नाहीत, एवढंच त्यांना पाहायचं होतं. आणि खेडं धुक्याखाली होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी वन्सं दुपारी अंघोळीला घरी आल्या. मी पाणी तापत ठेवलं आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला. सूनबाई होती.

"आत्या? तुम्ही घरी? म्हणजे सगळं ठीक आहे तर."

"अंघोळीला आलेय. तू पडून आहेस ना?"

"पडूनच. छताला भेगा किती आहेत ते तोंडपाठ झालंय."

"किती आहेत?"

"आत्या, तुम्ही खरंच विचारताय." ती हसली असणार. मग म्हणाली, "आज इकडे गंमतच झाली. पलीकडच्या खेड्यातून अंडीवाली येते ना, पास काढून पूल ओलांडून, ती आज अंड्यांऐवजी कोंबड्याच घेऊन आली. जिवंत. घ्या म्हणे ताई, मिळेल त्या भावात देते. आमची शेजारीण सांगत होती, बाजारात आज पलीकडच्या सगळ्याच बायका कोंबड्या विकतायत. एकीनं तर शेळी विकली, दुभती. आत्या? ऐकताय ना?"

मी कपड्यांची बादली घेऊन खाली आले, तेव्हा वन्सं रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "झोप हं बाळ. डाव्या कुशीवर झोप." आणि फोन ठेवला.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"कोंबड्यांचं काहीतरी." त्या चपला शोधत होत्या. चपला पायाशीच होत्या.

"अहो, पाणी तापलंय."

"राहू दे."

मी दारात आडवी उभी राहिले. "वन्सं, आता तरी सांगा."

"डॉक्टरांनी तिला हलवू नका सांगितलंय ना?"

"हो."

"मग मला का विचारतेस?" त्यांनी माझा हात बाजूला केला, हलकेच, आणि गेल्या. न्हाणीघरातलं पाणी निवून गेलं, ते मी झाडांना घातलं.

ऑफिसात जाऊन वन्संनी अहवाल लिहायला घेतला. जी बाई गाव सोडायच्या बेतात असते, ती आधी कोंबड्या विकते, कारण कोंबड्या घेऊन पळता येत नाही. हे त्यांना दिसलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, तेही भाचेसुनेकडून, घरच्या फोनवर. नियमाप्रमाणे ते रेघेखाली जायला हवं होतं. रेघेखालच्याला दुजोरा लागला असता, आणि दुजोरा देणारा तापानं फणफणत होता. वन्संनी रेघ मारली. आणि रेघेच्या वर लिहिलं: 'धुक्याच्या विरळ भागातून काठावरचं खेडं अंशतः दिसलं. धुराडी बंद. जनावरं नाहीत. खेडं रिकामं होत आहे.'

सगळ्या नोकरीत त्यांनी लिहिलेलं हे एकच खोटं. पण ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या रेघेवर भरवसा ठेवला होता, त्यांनी याही वेळी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या गावात भोंगे लावलेल्या गाड्या फिरल्या. संध्याकाळच्या आत गाव सोडा. दवाखान्यात एकच रुग्णवाहिका, ती वॉर्डातल्या पेशंटना घेऊन आधीच गेली होती. माझ्या मुलानं पाणीखात्याच्या ट्रकमध्ये गाद्या टाकल्या, त्यांवर बायकोला झोपवलं आणि स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. रस्ता तसा बरा होता. पण समोरून आपलेच रणगाडे नदीकडे निघाले होते. त्यांच्या पट्ट्यांनी डांबर उखडून काढलं होतं, आणि ज्या रस्त्यावरून गाव पळत होतं, तो असा नांगरल्यासारखा झाला होता. ड्रायव्हर जमेल तेवढा हळू चालवत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मधल्या एका शाळेत लोकांची सोय केली होती. तिथं, पाचवीच्या वर्गात, आमची नात जन्मली आणि थोड्या वेळानं गेली.

पलीकडून कुणीही आलं नाही.

आपलं सैन्य काठावर उभं राहिलं. आठवड्याभरात पलीकडचे ट्रक परत छावणीत गेले. त्यांच्या वर्तमानपत्रात आलं, वार्षिक सराव यशस्वी. आपल्या सरकारनं सांगितलं, वेळीच सावध झालो म्हणून संकट टळलं. विरोधकांनी सांगितलं, लांडगा आला रे आला. वन्संच्या टेबलावर कुणीतरी टोमॅटो ठेवला. हंगाम नव्हता, कुठून शोधून आणला कोण जाणे.

त्या आपल्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मी वर लिहिलेलं मला दिसलं नव्हतं."

साहेबांनी दार लावून घेतलं. "ताई, धुकं गेल्यावर आलेले फोटो पाहिलेत का?"

"पाहिले."

"काय दिसतंय?"

"काही घरांतून धूर आहे. काही घरांतून नाही."

"म्हणजे तुम्ही बरोबर होता?"

"म्हणजे काही घरांतून धूर आहे आणि काही घरांतून नाही."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत बसले. "आपला धंदाच असा आहे," ते म्हणाले. "आपण बरोबर असलो तर काहीच घडत नाही. आणि काही घडलं नाही, की आपण चुकलो. वर सगळे खूश आहेत. हे आता कुणाला सांगू नका."

"सगळे खूश नाहीत," वन्सं म्हणाल्या. त्यांनी लेखी कबुली दिली. खात्यानं ती ठेवून घेतली आणि त्यांना छावणीवरून काढून नवीन मुलांना शिकवायला बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथंच होत्या. मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवायच्या, ते सांगायला नको.

माझा मुलगा महिन्याभरानं घरी आला. सूनबाईला मी इकडेच आणून ठेवलं होतं. वन्संनी त्याला सगळं सांगितलं, कोंबड्यांपासून रेघेपर्यंत. नियमानं सांगता येत नव्हतं, तरी सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता विचारील, आले असते का ते? तेही त्यानं विचारलं, पण ते आधी नाही.

"फोन आला त्या दिवशी, आणि गाड्या फिरल्या दुसऱ्या दिवशी दुपारी," तो म्हणाला. "मध्ये एक अख्खी रात्र होती, आत्या. रस्ता रिकामा होता. रुग्णवाहिका गावातच होती. मी तिला झोपवून, बैलगाडीच्या वेगानं घेऊन आलो असतो. तू ऑफिसात गेलीस. आम्हाला फोन नाही केलास."

"तसं करता येत नाही. एका घराला सांगितलं, की गावाला सांगितलं."

"खात्याशी खोटं बोललीस, ते चाललं. आम्हाला खरं सांगणं चाललं नाही."

मग त्यानं विचारलं, "आले असते का ते?"

"मला माहीत नाही."

"तुझ्या खात्याला?"

"त्यालाही नाही."

तो उठला आणि बाहेर गेला. त्यानंतर कित्येक वर्षं तो आत्याशी कामापुरतं बोलला. पाणी दे, दार लाव, औषध घेतलंस का. त्याला आणि सूनबाईला पुढे मूल झालं नाही. हे गेले तेव्हा मुलगा आणि वन्सं शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.

सूनबाईचं वेगळं होतं. ती वन्संशी पूर्वीसारखीच वागायची. कधी कधी जास्तच गोड. मला त्याची भीती वाटायची.

मागच्या वर्षी पूल सर्वांसाठी खुला झाला. आता पास लागत नाही. सूनबाई एकदा आली आणि म्हणाली, "आत्या, मला तिकडच्या बाजारात जायचंय. अंडीवाली भेटली तर तिला विचारायचंय. तुम्ही येता?"

"तिला काय माहीत असणार?" वन्सं म्हणाल्या. पण पिशवी घेऊन माझ्याआधी दारात उभ्या राहिल्या.

आम्ही तिघी गेलो. नदी ओलांडताना वन्सं बसच्या खिडकीला चिकटून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जागा त्या जमिनीवरून पाहत होत्या. "सगळं आडवं दिसतंय," त्या म्हणाल्या. "काहीच ओळखू येत नाही." छावणीची भिंत आली तेव्हा ती छावणीच आहे का, हे त्यांना सूनबाईला विचारावं लागलं.

अंडीवाली सापडली. म्हातारी झालेली, दात गेलेले, पण तिनं सूनबाईला ओळखलं. "पंपावरच्या ताई ना? पलंगावर असायचात. बाळ कसं आहे? मोठं झालं असेल."

सूनबाई म्हणाली, "मावशी, त्या वर्षी तुम्ही कोंबड्या का विकल्या होत्या?"

"कुठल्या वर्षी?"

"रस्ता नांगरला गेला त्या वर्षी. तुम्ही सगळ्याच जणींनी विकल्या."

म्हातारीनं आठवायचा प्रयत्न केला. "सगळ्या विकत होत्या म्हणून विकल्या. शेजारीण म्हणाली, विक. तिला तिच्या जावेनं सांगितलं होतं."

"पण का? गाव सोडायला सांगितलं होतं का कुणी? सैन्यानं?"

"सैन्य काय सांगतंय? ते स्वतःच विचारत फिरत होते. एक पोरगा अंडी घ्यायला आला, तो मला विचारतो, मावशी, आम्ही कुठं चाललोय, काही ऐकलंय का?" ती हसली. "मी म्हटलं, बाबा, बंदूक तुझ्याकडे, मी काय सांगू? तुम्हाला अंडी देऊ का, ताई?"

वन्संनी अंडी घेतली. पिशवीत नीट रचून घेतली. त्यांचा चेहरा कोराच होता, तो मला कधीच वाचता आला नाही.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मी आणि सूनबाई एका बाकावर बसलो, वन्सं पलीकडच्या बाकावर. पूल मागे गेल्यावर सूनबाई पुढे झुकली.

"आत्या, एक सांगू? त्या दिवशी मी कोंबड्यांचं बोलले आणि तुम्ही एकदम गप्प झालात. मला तेव्हाच कळलं. तुम्ही एरवी लगेच विचारलं असतंत, किती कोंबड्या, कुठल्या रंगाच्या. नाही विचारलंत. मी फोन ठेवला आणि उठून बसले पलंगावर."

वन्संनी मान वळवली. "कळलं होतं, तर निघाली का नाहीस?"

"यांना सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. म्हटलं, आत्या आहेत की तिथं. खरंच काही असेल, तर फोन करतील. म्हणून रात्रभर रिसीव्हर नीट ठेवलाय ना, ते बघत होते. यांना हे कधी सांगितलं नाही मी. त्यांना वाटतं, आपल्याला काहीच माहीत नव्हतं."

बसनं वळण घेतलं. वन्सं उठल्या, अंड्यांची पिशवी त्यांनी सूनबाईच्या मांडीवर ठेवली, आणि दाराशी जाऊन वरचा दांडा धरून उभ्या राहिल्या. आमचा थांबा यायला अजून बराच वेळ होता. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा ना, जागा आहे." त्या हो म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ फोनकडे गेल्या आणि माझ्या मुलाचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता, हे मला माहीत नव्हतं. पलीकडून त्यानं उचलला असावा.

"मी आत्या," त्या म्हणाल्या. "काम नाहीये. त्या रात्री करायचा राहिला, तो फोन करतेय. ऐकतोस का जरा?"

तो ऐकत होता की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पण वन्सं बोलत राहिल्या.